हंटरवालीची उपेक्षा पुरे

'हंटरवाली' हा चित्रपट १९३५ साली तयार झाला तेव्हा तो घ्यायला वितरक पुढे येईनात. सोनेरी केसांची बाई मुखवटा चढवून, हाती चाबूक घेऊन पुरुषांना लोळवते, हे प्रेक्षकांना रुचणार नाही, अशी त्यांची खात्री होती. अखेर जमशेद आणि होमी या वाडिया बंधूंनी तो स्वतःच प्रदर्शित केला. प्रेक्षकांनी वितरकांना खोटे ठरवले आणि त्याची नायिका मेरी एव्हान्स देशभर 'फिअरलेस नादिया' म्हणून ओळखली जाऊ लागली.

नादियाचा जन्म १९०८चा, ऑस्ट्रेलियातील पर्थचा. ब्रिटिश सैन्यातील वडील पहिल्या महायुद्धात कामी आले. पुढे ती पेशावर भागात घोडेस्वारी शिकली, मुंबईत दुकानात नोकरी केली, बॅलेचे धडे घेतले, सर्कशीतही काम केले. या कमावलेल्या शरीरावर परळच्या वाडिया मूव्हीटोनने भरवसा टाकला. 'मिस फ्रंटियर मेल'मध्ये तिने धावत्या आगगाडीच्या टपावर मारामारी केली, 'जंगल प्रिन्सेस'मध्ये सिंहांसोबत काम केले. तेही बदली कलाकाराविना. 'डायमंड क्वीन'मध्ये तर ती स्त्रियांच्या स्वातंत्र्याची बाजू ठणकावून मांडते. परकीय सत्तेविरुद्ध उघड बोलायला सेन्सॉरची बंदी असताना जुलमी वजिराला चाबकाने फोडणारी 'हंटरवाली'तली राजकन्या प्रेक्षकांना आपली वाटली, यात नवल नाही.

देशी नायिकेला त्या काळी जे करू दिले गेले नसते, ते नादियाला तिच्या गोऱ्या कातडीमुळे करता आले, हे खरे. पण त्यामुळे तिचे श्रम खोटे ठरत नाहीत. तिला डावलले गेले ते वेगळ्याच कारणाने. स्टंटपट म्हणजे पिटातल्या प्रेक्षकांची करमणूक, असे ठरवून प्रतिष्ठितांनी तो प्रकारच कलेच्या पंक्तीला बसू दिला नाही. तिच्या कामाकडे नव्याने लक्ष वेधले ते १९९३मध्ये, होमी वाडियांच्या भावाचा नातू रियाद याने काढलेल्या माहितीपटाने. तीन वर्षांनी, जानेवारी १९९६मध्ये, नादिया मुंबईत निवर्तली.

मूकपटांचा बहुतांश ठेवा आपण बेफिकिरीने गमावला. स्टंटपटांचे तसे होता कामा नये. पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाने वाडियांच्या उपलब्ध चित्रपटांचे जतन अग्रक्रमाने करावे आणि चित्रपट महोत्सवांनी ते मोठ्या पडद्यावर दाखवावेत. भारतीय पडद्यावर स्त्रीला स्वतःच्या बळावर लढताना दाखवणाऱ्या या अभिनेत्रीचे एवढे ऋण आपण फेडलेच पाहिजे.