पहिला चीक वासराचा

सालवडला आमच्या गोठ्यात चार गाई आहेत. चार गाई म्हणजे धंदाही नव्हे आणि हौसही नव्हे. पहाटे 4 वाजता उठवणारी आणि रविवारची सुट्टी नसलेली ती एक नोकरीच. धारा आटोपून मी उठते तेव्हा रस्त्यावर तारापूरच्या कारखान्यांत पहिल्या पाळीला निघालेल्यांच्या मोटारसायकली सुरू झालेल्या असतात.

फाल्गुन-चैत्रात पळस फुलतो, आंब्याला कैऱ्या धरतात, कवी खुशीत असतात. गुरांचा वसंत मात्र पेंढ्यावर जातो. पूर्वी भात कापलेल्या खाचरांतून ती मोकळी फिरत. आता मध्येच प्लॉटच्या भिंती उभ्या राहिल्या आहेत. शेणालाही याच दिवसांत मागणी, कारण राब भाजायचा असतो.

अशात गाय व्याली की वार पडायच्या आत दारात डबा हजर! ‘काकू, खरवसाला चीक ठेवा हं.’ खरवस मलाही आवडतो, गूळ-जायफळ घालून वाफवलेला. तीन वर्षांपूर्वी मी असे सगळे डबे भरून दिले. वासराला उरलासुरला चीक पाजला, तोही संध्याकाळी. पाचव्या दिवशी हगवणीने कालवड गेली. चिकामुळेच गेली, असे गुरांचे डॉक्टर म्हणाले नाहीत. त्यांनी एवढेच विचारले, ‘पहिला चीक कधी पाजलात?’

माणसाच्या बाळाला रोगाशी लढण्याची काही शिदोरी आईच्या पोटातच मिळते. वासराला ती गर्भात मिळत नाही, चिकातूनच मिळते. ती शोषून घेण्याची आतड्यांची ताकद तासातासाला घटते आणि 24 तासांत जवळजवळ संपते. म्हणून पहिल्या दोन तासांत चीक पोटात जायला हवा. दिवसभरात वजनाच्या साधारण दहावा हिस्सा, म्हणजे 25 किलोच्या वासराला अडीच लिटर.

वसुबारसेला आपण गाय आणि वासरू दोघांची पूजा करतो, व्रत करणाऱ्या बायका त्या दिवशी गाईचे दूधही घेत नाहीत. मग ज्या दिवशी वासराला खरी गरज, त्याच दिवशी डबा कसा पुढे येतो?

खरवस खाऊच नका, असे मी म्हणत नाही. संकरित गाईला चीक भरपूर येतो. दुसऱ्या दिवशीचा न्या. वड्या थोड्या सैल पडतात, दूध कमी घालावे लागते, इतकेच.

आमची गोरी याच आठवड्यात व्यायची आहे. दोन डबे आधीच येऊन पडलेत. ते मी घासून फळीवर पालथे घातले आहेत.