खोकला थांबला, तरी टीबीच्या गोळ्या का थांबवू नयेत?

२०२५ पर्यंत देशातून क्षयरोग हटवण्याचे उद्दिष्ट होते. वर्ष सरले, रोग आहेच. कुपोषण, उशिरा होणारे निदान ही कारणे आहेतच. एक कारण मात्र जंतूच्या स्वभावात आहे.

टीबीच्या जंतूला जगायला फॉस्फेट लागते. ते आत ओढणारी त्याची ‘पीएसटी’ यंत्रणा बाहेर फॉस्फेट किती आहे, याची खबरही देते. साठा कमी पडला की जंतू आपला कारभार बदलतो, वाढ मंदावते. अशा सुस्त जंतूंवर औषधांचा मारा नीट लागू पडत नाही. ही खबर देणारी साखळी बिघडवली, तेव्हा उंदरांच्या शरीरात जंतूंना तग धरणे अवघड गेले. या साखळीवर घाव घालणारे औषध मात्र अजून रुग्णांपर्यंत आलेले नाही.

(रक्ततपासणीतल्या फॉस्फरसशी याचा संबंध जोडू नका. दूध, डाळी, अंडी बंद करणे तर मुळीच नको!)

ताप गेला, वजन वाढले की घरचेच म्हणतात, ‘आता पुरे’. सुस्त जंतू तेव्हाही फुप्फुसात असू शकतात. म्हणून नेहमीच्या टीबीचा कोर्स सहा महिन्यांचा. औषधांना न जुमानणाऱ्या टीबीसाठी २०२४ मध्ये मंजूर झालेली चार औषधांची ‘बीपाल्म’ पद्धतीही साधारण तेवढीच चालते. गोळ्यांनी मळमळ झाली, तर डॉक्टरांना सांगा. परस्पर बंद करू नका.