‘तू लिहायचं बघ’



ज्या सॉफ्टवेअरचा कोड कुणालाही वाचता, बदलता आणि वाटता येतो त्याला ओपन सोर्स म्हणतात. ते घडवणारे जगभर विखुरलेले, त्यातले बरेचसे बिनपगारी. अशा एका प्रकल्पात मी चार वर्षं आहे. नाव देत नाही, कारण तक्रार एका प्रकल्पापुरती नाही. पहिल्याच बैठकीत मला सांगितलं गेलं, “तुमची भाषा चांगली आहे, तुम्ही डॉक्युमेंटेशन बघा.” मला कोड लिहिता येतो का, हे कुणी विचारलं नाही.

डॉक्युमेंटेशन म्हणजे सॉफ्टवेअर कसं बसवायचं, कसं वापरायचं, अडलं तर काय करायचं याची लेखी माहिती. एकदा लिहून हातावेगळं होणारं हे काम नव्हे. एखादा पठ्ठ्या रात्रीतून एका आज्ञेचं नाव बदलतो आणि तिचा उल्लेख असलेली अकरा पानं सकाळी खोटी ठरतात. ती शोधा, दुरुस्त करा, कोऱ्या मशीनवर एकेक पायरी करून बघा, जुनी आवृत्ती वापरणाऱ्यांसाठी जुनी पानंही जपा. बदलणारा साधा निरोपही ठेवत नाही. घरात पाणी कोण भरतं हे हंडा रिकामा झाला की कळतं, तसंच हे.

वर म्हणायचं, हे सोपं काम, नवख्यांनी इथून सुरुवात करावी! कोड समजल्याशिवाय त्याविषयी नीट लिहिता येत नाही. कोडमधल्या दोन चुका मला पायऱ्या लिहितानाच सापडल्या.

गिटहबनं २०१७ साली केलेल्या पाहणीत ९३ टक्के लोकांनी अपुरी, जुनाट माहिती ही अडचण आढळल्याचं सांगितलं. आणि ६० टक्के योगदानकर्ते ती लिहायला क्वचितच हात लावतात किंवा कधीच लावत नाहीत! उत्तर देणाऱ्यांत बाया होत्या ३ टक्के. हे काम बायकाच करतात असं ती पाहणी म्हणत नाही. पण ज्या थोड्या आहोत त्यांच्याकडे ते कसं सरकवलं जातं, ते मी पाहिलं आहे.

गेल्या आवृत्तीच्या आभाराच्या यादीत तेवीस नावं होती. माझं नव्हतं. यादी म्हणे यंत्रानं कोडच्या फोल्डरवरून काढली. माहितीचा फोल्डर वेगळा. यंत्राला फोल्डर कुणी दाखवला?

हे बदलता येतं. जँगो या प्रकल्पाचा नियमच आहे की नव्या सोयीबरोबर तिची माहिती आणि चाचण्याही द्यायच्या. (आपल्या संघटनांत बैठकीचं इतिवृत्त दर वेळी कोण लिहितं, तेही एकदा बघू या.)

मी आमच्याकडे तोच नियम मागितला आहे: बदल करणाऱ्यानं लिहायचं, मी तपासेन. यादीत दोन्ही फोल्डर मोजायचे. माहिती नसलेले दोन बदल मी तीन आठवडे रोखून धरलेत. “उगाच अडवता,” असा निरोप आला. पानं अजून आलेली नाहीत, आणि मीही ते बदल आत घेतलेले नाहीत.