विकलेला खेळ कोणाचा ?

करमणुकीच्या वस्तूंविषयीं कोणी गंभीरपणें लिहूं लागलें कीं, आपल्याकडील सुशिक्षित वाचक प्रथम भुंवई उंचावतो आणि मग पान उलटतो. नाटकाच्या, कादंबरीच्या व बोलपटाच्याही वांट्याला एकेकाळीं हा अनुभव आला होता. म्हणून आरंभींच सांगून ठेवतों कीं, आम्ही येथें व्हिडिओ गेमविषयीं लिहीत आहों, आणि मुलांच्या अभ्यासाची काळजी हा आमचा विषय नव्हे. (ती काळजी वाहण्यास पालक समर्थ आहेत.) आमचा प्रश्न मालकीचा आहे. ज्यानें रोख दाम मोजून गेमची डिस्क घेतली, त्याला ती त्याच कंपनीच्या नव्या कन्सोलवर खेळतां यावी कीं येऊं नये ?

कंपन्यांच्या बाजूनें जें उत्तर मिळतें, त्याचा उत्कृष्ट नमुना २०१७ सालीं सोनीच्या एका वरिष्ठ अधिकाऱ्यानें अमेरिकेंतील ‘टाइम’ नियतकालिकाशीं बोलतांना दिला. जुने गेम चालविण्याच्या सोयीची मागणी फार होते, पण ती सोय वापरली मात्र फारशी जात नाहीं, असें त्यांचें म्हणणें. ‘ग्रॅन टुरिझ्मो’ ह्या मोटारशर्यतीच्या गेमच्या चार पिढ्यांतील आवृत्त्या त्यांनीं एका ठिकाणीं पाहिल्या. पहिल्या दोन त्यांना इतक्या पुरातन दिसल्या कीं, हें आतां कोण कशाला खेळेल, असा त्यांना प्रश्न पडला. ह्या प्रश्नाचें उत्तर त्यांच्याच कंपनीनें पुढच्या वर्षीं दिलें. डिसेंबर २०१८ मध्यें तिनें ‘प्लेस्टेशन क्लासिक’ नांवाचें एक लहानसें यंत्र बाजारांत आणलें. त्यांत पहिल्या प्लेस्टेशनचे २० जुने गेम भरलेले होते आणि अमेरिकेंत त्याची किंमत १०० डॉलरांच्या घरांत होती. म्हणजे तुमच्या कपाटांतील डिस्क ही अडगळ, आणि तीच आमच्या डबींत घालून पुनः विकली कीं अभिजात कलाकृति !

मौज येथेंच संपत नाहीं. नव्या यंत्राकडून जुन्या यंत्राचें सोंग हुबेहूब वठवून घेणाऱ्या प्रोग्रॅमला एम्युलेटर म्हणतात. ‘क्लासिक’मध्यें जो एम्युलेटर होता, तो मूळचा कंपनीबाहेरच्या हौशी मंडळींनीं लिहून सर्वांस मोफत खुला केलेला. असाच एक एम्युलेटर कनेक्टिक्स कंपनीनें १९९९ सालीं मॅकिंटॉश संगणकासाठीं विक्रीस काढला होता, तेव्हां सोनीनें तिला कोर्टांत खेंचलें. २००० सालीं अमेरिकेंतील अपील-न्यायालयानें कनेक्टिक्सच्या बाजूनें निकाल दिला. पुढच्या वर्षीं सोनीनें तो प्रोग्रॅमच विकत घेऊन टाकला आणि त्याची विक्री थांबली. दुसऱ्यानें वठविलेलें सोंग तेवढें आक्षेपार्ह, आपण उसनें घेतलेलें मात्र शुद्ध व्यापार, असा हा न्याय दिसतो.

अडचण मुळींच नाहीं, असें आम्ही म्हणत नाहीं. गेम हा एका विशिष्ट यंत्राच्या प्रोसेसरला उद्देशून लिहिलेला असतो. प्रोसेसर बदलला कीं जुन्या आज्ञा त्याला कळेनाशा होतात. सर्वांत सरळ उपाय म्हणजे जुनी चिप नव्या यंत्रांत ठेवून देणें. २००० सालच्या प्लेस्टेशन २ मध्यें पहिल्या प्लेस्टेशनचा प्रोसेसर एरव्हीं इतर किरकोळ कामें पाही, आणि जुनी डिस्क घातली कीं आपल्या मूळच्या कामावर रुजू होई. २००६ सालीं प्लेस्टेशन ३ जपानांत व अमेरिकेंत आलें, तेव्हां त्यांतही त्याच्या पूर्वजाच्या चिपा होत्या. २००७ सालीं युरोपांत गेलेल्या यंत्रांतून त्यांपैकीं एक काढली गेली, आणि त्याच वर्षाअखेर निघालेल्या ४० गिगाबाइटच्या यंत्रांत ती सोयच उरली नाहीं. यंत्र नवें, महाग आणि त्याचे स्वतःचे गेम थोडे, तोंवर जुन्या गेमांचा टेकू हवा होता. पुढें गरज सरो आणि वैद्य मरो! प्लेस्टेशन ३ चा ‘सेल’ प्रोसेसर तर फारच विलक्षण घडणीचा, एका मुख्य भागाच्या हाताखालीं अनेक छोटे भाग राबणारा; त्याची नक्कल करणें खरोखरच कठीण. प्लेस्टेशन ५ वर प्लेस्टेशन ४ चे बहुतेक सर्व गेम चालतात, पण प्लेस्टेशन ३ ची डिस्क चालत नाहीं. ते गेम वर्गणीदारांस दूरच्या सर्व्हरवरून दाखविले जातात, आणि भारतांत २०२२ सालीं जी वर्गणी सुरू झाली तींत तेवढीही सोय नव्हती.

परंतु कठीण म्हणजे अशक्य नव्हे, हें मायक्रोसॉफ्टनें करून दाखविलें आहे. एक्सबॉक्स ३६० चा प्रोसेसर त्याच्या पुढच्या यंत्राहून अगदीं निराळ्या जातीचा. तरी नोव्हेंबर २०१५ पासून एक्सबॉक्स वनवर त्याचे कित्येक गेम चालूं लागले, आणि २०१७ सालीं २००१ च्या पहिल्या एक्सबॉक्सचेही कांहीं गेम त्यांत आले. ज्याच्यापाशीं डिस्क आहे त्यानें ती घालावी, नवी प्रत उतरून येते, तिचे पुनः पैसे पडत नाहींत. आमचें मागणें ह्याहून फारसें अधिक नाहीं. ह्या कंपनीनेंही परवान्यांच्या, कायद्याच्या व तंत्राच्या मर्यादा पुढें करून नोव्हेंबर २०२१ नंतर यादी वाढविणें थांबविलें, आणि तिच्या स्वस्त यंत्रास डिस्कचा कप्पाच नाहीं, हें तिच्या स्तुतीबरोबरच नमूद केलें पाहिजे.

ह्या उदासीनतेचें फळ काय ? अमेरिकेंतील व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशननें २०२३ सालीं पाहणी प्रसिद्ध केली. २०१० पूर्वीं तेथें निघालेल्या गेमांपैकीं ८७ टक्के गेम आज कोणत्याही स्वरूपांत दुकानांत मिळत नाहींत, असें तींत आढळलें. जे विकायचे नाहींत ते निदान ग्रंथालयांस अभ्यासकांपर्यंत दूरवरून पोंचवूं द्या, ही मागणीही तेथील कॉपीराइट कचेरीनें ऑक्टोबर २०२४ मध्यें फेटाळली. अभ्यासाच्या नांवाखालीं लोक ते करमणुकीसाठीं खेळतील, ही भीति त्या वादांत वारंवार पुढें आली. कादंबरी घरीं नेणाऱ्या वाचकास ती मौजेसाठीं कीं अभ्यासासाठीं, असें ग्रंथपालानें दारांत अडवून विचारावें, त्यांतलाच हा प्रकार !

हें सारें परदेशांतलें भांडण, असें म्हणून वाचकांनीं सुटूं नये. २००९ सालीं हैदराबादेंत तयार झालेला ‘हनुमान : बॉय वॉरियर’ आणि पुढच्या वर्षीं मुंबईच्या ट्राइन कंपनीनें केलेला ‘स्ट्रीट क्रिकेट चॅम्पियन्स’ हे आपल्या लोकांनीं कन्सोलसाठीं घडविलेल्या पहिल्यावहिल्या गेमांपैकीं होत. ते भले असोत कीं सामान्य, पण दोन्ही प्लेस्टेशन २ च्या डिस्कवर आले, आणि त्या डिस्क आजच्या प्लेस्टेशनवर चालत नाहींत. १९५४ च्या कायद्याप्रमाणें आपल्याकडे छापलेल्या प्रत्येक पुस्तकाची प्रत ठराविक सार्वजनिक ग्रंथालयांस द्यावी लागते. तींत मुंबईचें एक ग्रंथालय आहे. त्याच शहरांत बनलेल्या गेमला तो कायदा लागू नाहीं. तो लागू करावा, आणि डिस्कबरोबर ती चालवूं शकणारें एक जुनें यंत्रही तेथें ठेवावें, असें आम्हांस वाटतें; तीं यंत्रें जुन्या बाजारांत अजून मिळतात.