सोयाबीन आपलेच, बाटली काळी

कळमनुरी तालुक्यातून एका सूनबाईंचे पत्र आले आहे. हळदीचे पैसे हाती आले की सगळ्या घराने एकदा हिंगोलीला जाऊन नव्या पद्धतीच्या चायनीज हॉटेलात जेवावे, असे लेकरांनी टुमणे लावले आहे. गार हवेची खोली, भिंतीवर लाल कंदील, हातात जाडजूड मेनूकार्ड. सासरेबुवांची ना नाही. सासूबाई मात्र अडून बसल्या आहेत. "त्या काळ्या पाण्यात काय कालवतात कुणास ठाऊक! अन् मटणाची कढई तीच. तुम्ही जा, मी भाकरी खाऊन घरी राहते." आत्याबाईंची समजूत कशी घालावी, असे सूनबाई विचारतात.

सूनबाई, समजूत नंतर घाला. आधी आत्याबाईंच्या प्रश्नाचे उत्तर द्या, कारण प्रश्न रास्त आहे. जिने जन्मभर दुसऱ्यांच्या ताटात काय पडते याची काळजी वाहिली, ती आपल्या ताटात काय पडते हे विचारणारच.

ते काळे पाणी म्हणजे सोया सॉस, म्हणजे आपल्याच रानातले सोयाबीन. हे पीक मूळचे चीनचे. आपल्या भागात मात्र गेल्या पंचवीस-तीस वर्षांत त्याने कापूस, ज्वारी, मूग, उडीद मागे सारून रान व्यापले. आपला बहुतेक माल तेल आणि पेंड करायला जातो. चिनी लोक त्याच दाण्याचा सॉस करतात. दाणे शिजवायचे, भाजून भरडलेल्या गव्हात मिसळायचे, त्यावर एका खास जातीची बुरशी वाढू द्यायची आणि मग सगळे मिठाच्या पाण्यात महिनोन् महिने मुरत ठेवायचे. शेवटी पिळून गाळले की सॉस तयार. म्हणजे आपल्या लोणच्यासारखेच मुरवण्याचे काम. स्वस्तातला माल असा मुरत बसत नाही. सोयाबीनच्या पेंडीवर आम्लाची प्रक्रिया करून थोड्या दिवसांत रस काढतात, वर साखर जाळून केलेला रंग आणि मीठ. दोन्ही बाटल्या दिसायला सारख्याच काळ्या.

त्यातले मीठ मात्र ध्यानात धरा. टेबलावरच्या मोठ्या चमचाभर सोया सॉसमध्ये साधारण दोन ते अडीच ग्रॅम मीठ असते, आणि जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसाला दिवसाला पाच ग्रॅमपेक्षा कमी मीठ सांगते. सासरेबुवांना रक्तदाबाची गोळी चालू असेल तर त्यांच्यापुढून ती बाटली सरकवून ठेवा. ते रागावतील, रागावू द्या.

दुसरा आक्षेप अजिनोमोटोचा. १९०८ साली जपानमध्ये इकेदा नावाच्या प्राध्यापकांनी समुद्री शेवाळाच्या रश्श्यातून ही चव वेगळी काढली. आता ती बहुधा उसाची मळी किंवा मक्यासारख्या पिकांचे पिष्ट आंबवून करतात. वसमतकडच्या ऊसवाल्यांना मळी काय ते सांगायला नको. १९६८ साली अमेरिकेतल्या एका वैद्यकीय मासिकात पत्र छापून आले आणि या पांढऱ्या पुडीची धास्ती जगभर पसरली. पुढे झालेल्या चाचण्यांत थोड्या प्रमाणात खाल्ल्याने सर्वसाधारण माणसाला ठाम अपाय दिसून आला नाही. तरी वर्षाच्या आतल्या लेकराला ते देऊ नये, आणि ज्याला खाल्ल्यावर डोके जड होते असा अनुभव आहे त्याने टाळावे. "अजिनो नको" म्हटले की आचारी घालत नाही.

खरी भीती मला वेगळ्याच गोष्टीची वाटते, ती म्हणजे लालभडक रंगाची. मार्च २०२४ मध्ये कर्नाटक सरकारने गोबी मंचुरियनमध्ये कृत्रिम रंग घालायला बंदी केली. गोव्यात म्हापसा नगरपालिकेनेही त्याच वर्षी रंग आणि अस्वच्छता या कारणांवरून मंचुरियनच्या गाड्यांवर बंदी घातली. लालबुंद मंचुरियन दिसले की लेकरे हरखतात. तुम्ही तेच नाकारा. "बिनरंगाचे करून द्या" असे सांगायला लाजू नका.

आणि गंमत पाहा, हे मंचुरियन चीनचे नव्हेच. मंचुरिया हा चीनच्या ईशान्येचा प्रांत खरा, पण हा पदार्थ आपल्या मुंबईचा. कलकत्त्यात जन्मलेल्या नेल्सन वांग यांनी १९७५ साली क्रिकेट क्लब ऑफ इंडियामध्ये लसूण, आले आणि हिरवी मिरची परतली, गरम मसाल्याऐवजी सोया सॉस घातला आणि मक्याच्या पिठाने रस्सा दाट केला. मूळ पदार्थ कोंबडीचा, कोबीचा अवतार नंतर आला. हाक्का नूडल्स म्हणतात तेही कलकत्त्यात वसलेल्या हाक्का चिनी लोकांच्या नावाने. म्हणजे लसूण, आले, मिरची, मका, सोयाबीन, कोबी, सगळे रानातलेच. नाही ती एकच वस्तू, हळद! आपल्या जिल्ह्याने रुसावे असे हे जेवण आहे.

रुसण्यासारखे आणखीही आहे. २०२५-२६ च्या हंगामात सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ५,३२८ रुपये ठरला, म्हणजे किलोला ५३ रुपये २८ पैसे. बाजारात तेवढाही पदरात पडेलच असे नाही. कोबीच्या एका गड्ड्यात दोन-तीन प्लेटी निघतात. हॉटेलचे बिल हाती आल्यावर घरधन्याने हा हिशेब मांडू नये, जेवण अंगी लागत नाही.

आता कढईचे. आत्याबाई माळकरी असतील तर तडजोड नकोच. जिथे फक्त शाकाहारी चायनीज मिळते असेच हॉटेल निवडा, आणि आदल्या दिवशी कर्त्या माणसाने फोन करून अंडेदेखील चालत नाही हे सांगावे. अंडे अनेकांना शाकाहारात वाटते. मिश्र हॉटेलात "कढई वेगळी आहे" असे सांगतात; गर्दीच्या वेळी ती वेगळी राहतेच याची हमी मी घेणार नाही.

आत्याबाईंना एक गोष्ट मात्र आवर्जून सांगा. घरी पुरुष जेवले, लेकरे जेवली, गडी जेवला, की मग बायांचे ताट, तेही गार. तिथे त्यांना सगळ्यांबरोबर बसून, दुसऱ्याने वाढलेले गरम गरम खाता येईल, आणि नंतर भांडी घासायची नाहीत. माझ्या मते जायचे ते यासाठीच. नूडल्स हे निमित्त.

सहा माणसांना सहा प्लेटी मागवू नका. आधी दोन सूप वाटून घ्या, मग एक मंचुरियन, एक नूडल्स, दोन साधे फ्राइड राइस. कमी पडले तर पुन्हा सांगता येते. शेजवान म्हणजे लाल मिरची-लसणाचा जाळ, पण ठेचा खाणाऱ्याला तो सोसेल. काड्यांनी खाण्याचा हट्ट नको, चमचा मागा. आणि आत्याबाईंना नूडल्स शेवयांसारख्या वाटून नकोशा झाल्या तर भात आहेच. तो "तिखट कमी, सोया सॉस नको" म्हणून वेगळा करून घ्या.