गोळी वर्षातून दोनदा, माती रोज

"गोड लई खाऊ नको, जंत व्हतेत!" आमच्या आजीचं हे वाक्य मी पाथरीत लहानपणापासून ऐकत आलोय. गेल्या दिवाळीत माझ्या सहा वर्षांच्या भाच्याचं पोट दुखायला लागलं आणि शौचातून वीतभर लांबीचा पांढरट जंत पडला. दोष अर्थातच करंज्यांना मिळाला. डबा वरच्या फळीवर गेला, लेकरू रडत बसलं. मला मात्र एकच प्रश्न छळत होता. याला फेब्रुवारीत शाळेत जंताची गोळी दिली होती ना? मग हा पाहुणा परत आला कुठून?

मित्रांनो, कॅन्टीनमध्ये बसून हा अंक वाचत असाल तर आधी चहा संपवा. विषय घाण आहे, पण आपला आहे.

या जंताला गोलकृमी म्हणतात. त्याची मादी दिवसाला सुमारे दोन लाख अंडी घालते. ती अंडी शौचातून बाहेर पडतात. पण गंमत पाहा, ताजी अंडी कुणालाही बाधत नाहीत! ती ओल्या, उबदार, सावलीतल्या मातीत दोन-तीन आठवडे मुरावी लागतात. मगच ती 'तयार' होतात आणि मातीत महिनोन् महिने, कधी कधी वर्षानुवर्षं टिकतात. मग न धुतलेल्या हातातून, नखांतून, कच्च्या भाजीतून ती तोंडात जातात. आतड्यात अळी निघते, रक्तातून फुप्फुसात जाते, खोकल्याबरोबर घशात येऊन पुन्हा गिळली जाते आणि आतड्यात मोठी होते. या सगळ्याला दोन-तीन महिने लागतात.

सगळ्यात महत्त्वाची गोष्ट म्हणजे हे जंत पोटात एकाचे दहा होत नाहीत. पोटात पाच जंत असतील, तर तयार झालेली निदान पाच अंडी बाहेरून तोंडात गेलेली असतात. साखरेचा काही संबंध नाही. आणि "चप्पल घाला म्हणजे जंत होणार नाहीत" हा सल्ला चांगला असला, तरी तो हुकवर्मसाठी आहे. तो पायाच्या कातडीतून शिरतो. गोलकृमी तोंडातूनच जातो.

म्हणजे धोका कुणाला? मातीत खेळणाऱ्या, माती खाणाऱ्या लेकरांना. जिथं उघड्यावर शौच चालतं, हात धुवायला साबण-पाणी नाही, भाजीला मैल्याचं पाणी जातं, तिथल्या सगळ्यांना. आणि मातीचंही बघा. आमच्याकडची काळी माती ओल धरून ठेवते. त्यात जायकवाडीचा डावा कालवा आल्यापासून ऊस आला. ओल, ऊब, सावली, तिन्ही एकाच फडात. उन्हाळ्यात पाथरीचं ऊन वरची उघडी अंडी मारत असेलही, पण उसाच्या सावलीत ते पोचतं कुठं?

"पण आता घरोघरी संडास झालेत की!" असं कुणी म्हणेल. आमच्याकडेही आहे, टाइल्स लावलेला. म्हणून आम्ही सुटलो, असं मलाही वाटायचं. मागच्या वर्षी सेप्टिक टँक भरली, तेव्हा टँकर बोलावला. मी विचारलं, "हे कुठं टाकता?" टँकरवाला बोलायच्या आतच आमचे दादा म्हणाले, "आपल्याच बांधाला टाक. खतच हाय ते." मी गप्प बसलो. त्याच बांधाला आई मेथी-कोथिंबीर लावते.

सेप्टिक टँकमध्ये अंडी मरत नाहीत, गाळात बसतात. हे मी त्या वेळी एन्व्हायर्नमेंटल इंजिनिअरिंगच्या पेपरात लिहून मार्क मिळवले होते! भाच्याचा जंत त्या कोथिंबिरीतूनच आला, हे मी सिद्ध करू शकत नाही. पण आला नसेल, असंही छातीठोकपणे सांगता येत नाही.

गोळी वाईट आहे असं माझं म्हणणं नाही. देशात 2015 पासून राष्ट्रीय जंतनाशक दिन होतो, 1 ते 19 वर्षांच्या मुलांना अल्बेंडाझोल देतात. ती द्यायलाच हवी. पण गोळी पोटातला जंत मारते, बांधावरचं अंडं नाही. गोळी वर्षातून फार तर दोनदा, माती रोज! पोट साफ करणं डॉक्टरांचं काम. माती साफ ठेवणं कुणाचं? माझ्या मते आपलं, सिव्हिलवाल्यांचं.

आणि ते काही रॉकेट उडवण्याइतकं अवघड नाही. दोन खड्ड्यांचा संडास घ्या. एक भरला की बंद करून दुसरा वापरायचा. बंद खड्डा दीड-दोन वर्षं तसाच ठेवला, की त्यातली जवळपास सगळी अंडी मरतात आणि खत मिळतं. "काळ्या मातीत पाणी मुरत नाही," ही गवंड्याची तक्रार खरी आहे. त्यावर खड्ड्याभोवती फूटभर वाळू-खडीचा थर देतात, हा उपायही जुनाच आहे. टँकरच्या गाळासाठी तालुक्याला एक जागा हवी, तिथं तो वाळवायचा, साठवायचा किंवा कचऱ्याबरोबर नीट तापवून कुजवायचा. क्लोरीन टाकून हात झटकता येत नाहीत, कारण अंड्याचं कवच त्याला दाद देत नाही.

पण आपल्या बॅचच्या प्रोजेक्टची यादी वाचा. उंच इमारती, पूल, भारी काँक्रीट. खड्ड्यावर, गाळावर एकही नाही! मीही त्यातलाच, माझाही विषय काँक्रीटच होता. आता बदलून मागितलाय. सरांनी विचारलं, "यात स्कोप काय?" मी म्हटलं, "सर, पाथरीपासून सुरू करतो."

दादांशी वाद अजून मिटलेला नाही. पण आईनं बांधावरची कोथिंबीर उपटून टाकली. आणि करंज्यांचा डबा मी त्याच दिवशी फळीवरून खाली काढला. भाच्याला म्हटलं, "खा रे, पण आधी साबणानं हात धू."