पाइप मालकाचा, गुन्हा ड्रायव्हरचा?

कामगार बंधूंनो, कपलिंग तुटून आपली गाडी दुभंगली की ब्रेक पाइपमधला ५ किलोचा दाब जातो आणि ब्रेक आपोआप लागतात. एकेरी मास्टर सिलिंडरच्या जुन्या मोटारीत नेमके उलटे! पाइप कुठेही फुटो, तेल सांडते, पेडल तळाला जाते, उरतो हँडब्रेक. तरी मालक साध्या तांब्याचा पाइप सायलेन्सरला चिकटून नेतात, गंजला की मधेच जोड मारतात. तांबे हादऱ्यांनी चिरते, तापलेले तेल उकळते. अपघात झाला की ‘ड्रायव्हर बेफिकीर’ म्हणायला हे मोकळे! अखंड पोलादी पाइप, चेसिसला घट्ट क्लिपा, चाकापाशी चांगला होज आणि पुढच्या-मागच्या चाकांना वेगळी लाइन देणारा दुहेरी सिलिंडर मिळेपर्यंत, टपालातील ड्रायव्हर बंधूंनो, अशा गाडीची किल्ली घेऊ नका. नकार लेखी द्या, पोच घ्या.